जपानला इंग्रजी शिकवायला निघालात? खर्चाच्या या चुका टाळा

जपानमधल्या शाळेत इंग्रजीचा सहायक शिक्षक व्हायला अर्ज करणं स्वस्त आहे. १९८७ पासून चालू असलेल्या सरकारी 'जेट' योजनेला तर अर्जाचं शुल्कच नाही, आणि निवड झाली की विमानाचं तिकीटही मिळतं. फटका बसतो तो खासगी कंपन्यांमार्फत जाणाऱ्यांना. ऑफर लेटर आलं की लोक तिकीट आणि व्हिसा एवढंच धरतात. हिशेब मांडायचा तो पहिला पगार खात्यात पडेपर्यंतचा.

पात्रता न बघता पैसे ओतणं

व्हिसासाठी पदवी लागते. शिवाय इंग्रजी शिकवायचं तर १२ वर्षांचं शिक्षण इंग्रजीतून झालेलं असावं लागतं. शाळा मराठी माध्यमाची असेल तर इंग्रजी कितीही फर्डं असो, गाडी इथेच अडते. तरी आधी टेफलचा, म्हणजे परभाषकांना इंग्रजी शिकवण्याचा, १२० तासांचा ऑनलाइन कोर्स विकत घेणारे खूप. कोर्स वाईट नसतो, पण व्हिसाला तो लागत नाही. त्याऐवजी शाळेकडून माध्यमाचा उल्लेख असलेला दाखला घ्या.

व्हिसाआधी जपान सरकारकडून 'सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी', म्हणजे पात्रतेचं प्रमाणपत्र, मिळवावं लागतं. त्यासाठी एजंट लाखभर मागत असेल तर सरळ उठून या. हा अर्ज सहसा नोकरी देणारी संस्थाच जपानमध्ये करते आणि त्याला सरकारी फी नाही. हे प्रमाणपत्र ३ महिनेच चालतं, आणि ते हातात पडायच्या आत रिफंड न मिळणारं तिकीट काढू नका.

घरासाठी एक महिन्याचं भाडं बाजूला ठेवणं

सगळ्यात मोठा खड्डा हा. समजा भाडं ५०,००० येन आहे. पहिल्या महिन्याचं भाडं ५०,०००, शिकिकिन म्हणजे अनामत ५०,०००, वर रेइकिन ५०,०००. रेइकिन घरमालकाला 'आभार' म्हणून द्यायचं, ते कधीच परत येत नाही. दलाली करासकट ५५,०००. हमीदार म्हणून उभ्या राहणाऱ्या कंपनीचे २५,००० ते ५०,०००. मग आगीचा विमा आणि कुलूप बदलण्याचा खर्च. बेरीज अडीच लाख येनच्या पुढे जाते. ६० पैसे भाव धरला तर दीड लाख रुपये. आणि एवढं देऊन ताब्यात येतं ते बहुतेक वेळा रिकामं घर: दिवे, पडदे, गॅसची शेगडी सगळं आपलं आपण आणायचं.

यातून सुटायचं असेल तर कंपनी घर देते का, ते करार करण्याआधी विचारा. नाहीतर यूआर या सरकारी गृहनिर्माण संस्थेची घरं बघा. तिथे रेइकिन, दलाली, हमीदार काहीच नाही. सुरुवातीला शेअर हाऊसही चालतं.

पगाराची तारीख न विचारणं

शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. बऱ्याच कंपन्या एप्रिलचा पगार मेच्या अखेरीस देतात, म्हणजे दोन महिने घरच्या पैशांवर. काही ठिकाणी ऑगस्टच्या सुट्टीत पगार कापला जातो, तेही करारात बारीक अक्षरात असतं.

किरकोळ खर्चांत शाळेत घालायचे वेगळे बूट येतात. शाळेच्या जेवणाचे पैसे शिक्षकालाही भरावे लागतात. शाकाहारी असाल तर पहिल्याच दिवशी डबा आणण्याची परवानगी मागा, उगाच न खाल्लेल्या माशाचे पैसे कशाला?

दुसऱ्या वर्षाचा कर विसरणं

पहिल्या वर्षी रहिवासी कर लागत नाही, त्यामुळे पगार भरघोस वाटतो. दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये आधीच्या वर्षाच्या करपात्र उत्पन्नावर साधारण १० टक्क्यांचं बिल येतं. १ जानेवारीला तुम्ही जिथे राहत होता ती नगरपालिका ते पाठवते. मध्येच नोकरी सोडून भारतात परतलात तरी देणं उरतंच. एकरकमी जमत नसेल तर मुदत संपण्याआधी नगरपालिकेत जाऊन हप्ते बांधून मागा. नोटीस आल्यावर धावण्यापेक्षा ते सोपं.

परतताना पेन्शनचे पैसे काढायचे असतील तर जपान सोडल्यापासून २ वर्षांत अर्ज करा. कर्मचारी पेन्शनच्या रकमेतून २०.४२ टक्के कर आधीच कापतात. तो परत मागता येतो, पण त्यासाठी निघण्यापूर्वी तिथल्या एखाद्या विश्वासू माणसाला कर प्रतिनिधी नेमून ठेवा.