हायब्रिड की इलेक्ट्रिक : गाडी रात्री जिथे उभी राहते, तिथून विचार सुरू करावा

गाडी घ्यायची ठरली की बहुतेक घरांत आधी मॉडेल ठरते, मग रंग ठरतो आणि चार्जिंगचा विषय बुकिंगची रक्कम भरून झाल्यावर निघतो. हायब्रिड (पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर असलेली) आणि पूर्ण इलेक्ट्रिक यांतून एक निवडायची असेल तर हा क्रम उलटा करावा, कारण माझ्या अनुभवाने निम्म्याहून अधिक निर्णय आपल्या पार्किंगच्या जागेतच होतो. तिथे आपल्या मीटरचा प्लग बसत असेल तर इलेक्ट्रिक गाडीचा विचार पुढे न्यावा. तो बसत नसेल आणि ऑफिसातही चार्जिंगची सोय नसेल, तर केवळ सार्वजनिक चार्जरच्या भरवशावर इलेक्ट्रिक गाडी घेऊ नये.

प्लग बसतो की नाही हे अंदाजाने ठरवू नये. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत मीटर रूम ते पार्किंग हे अंतर मी तीस मीटर धरले होते. इलेक्ट्रिशियनने टेप लावून, छताच्या कडेने आणि दोन खांबांना वळसा घालून मोजले तेव्हा ते ४६ मीटर भरले, आणि त्यामुळे जास्त जाडीची केबल घ्यावी लागली. केबलबरोबरच अर्थिंग तपासून घ्यावे, चार्जरसाठी स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) लावावा, मंजूर भार पुरेसा आहे का हे वीजबिलावर पाहावे आणि सोसायटीचे ना हरकत पत्र लेखी घ्यावे. १५ अँपिअरच्या साध्या पॉइंटवर सुमारे ३ किलोवॉटने चार्जिंग होते, म्हणजे ४५ युनिटांची (किलोवॉट-तासांची) रिकामी बॅटरी पूर्ण भरायला पंधरा तासांहून अधिक लागतात. हे ऐकून लोक घाबरतात, पण रोजचे चाळीस किलोमीटर भरून काढायला सहा-सात युनिटे पुरतात आणि तेवढी वीज दोन-अडीच तासांत भरते. एवढ्या वापराला ७.२ किलोवॉटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवर बसवायचा वेगवान चार्जर, लागतोच असे नाही.

हायब्रिडच्या बाबतीत आधी शब्दांचा घोळ सोडवावा. ‘स्मार्ट हायब्रिड’ किंवा ‘माइल्ड हायब्रिड’ या नावाने विकल्या जाणाऱ्या गाड्यांत इंजिनाला थोडा हातभार लावणारी छोटी यंत्रणा असते, पण केवळ मोटरवर अशी गाडी चालत नाही. येथे आपण बोलतो आहोत ते स्ट्राँग हायब्रिडविषयी, म्हणजे काही वेळ केवळ मोटरवरही चालू शकणाऱ्या गाड्यांविषयी : टोयोटाची हायरायडर आणि इनोव्हा हायक्रॉस, मारुतीची ग्रँड विटारा, होंडाची सिटी ई:एचईव्ही. यांतही साध्या आणि स्ट्राँग अशा दोन्ही आवृत्त्या मिळू शकतात, म्हणून ‘इंजिन बंद ठेवून ही गाडी पुढे सरकते का?’ हा एकच प्रश्न विक्रेत्याला विचारावा. अशी गाडी बाहेरून चार्ज करायची नसते. तिची बॅटरी ब्रेक लावताना आणि इंजिनावर भरते. सिग्नल आणि कोंडी यांत इंजिन बराच वेळ बंद राहते, त्यामुळे शहरात तिचे ॲव्हरेज उत्तम पडते. एक्सप्रेसवेवर एकसारख्या वेगात मात्र तो फायदा आटतो.

दोन्ही तंत्रांतला फरक खंडाळ्याच्या घाटात नीट समजतो. लोणावळा समुद्रसपाटीपासून ६०० मीटरांहून उंच आहे आणि खोपोली जवळजवळ पायथ्याशी. सोळाशे किलोची गाडी एवढे खाली उतरताना दोन युनिटांहून अधिक ऊर्जा मोकळी होते; तिचा काही भाग हवेच्या आणि टायरच्या घर्षणात जातो, उरलेली बॅटरीत साठवता येते. ग्रँड विटाराच्या हायब्रिड बॅटरीची क्षमता सुमारे पाऊण युनिट आहे, त्यामुळे ती उतार संपण्याआधीच भरते आणि पुढे इंजिन ब्रेकिंगवर, म्हणजे इंजिनाच्या रोधाने वेग आवरण्यावर, भिस्त ठेवावी लागते. इलेक्ट्रिक गाडीच्या मोठ्या बॅटरीला ही अडचण नसते, मात्र लोणावळ्याहून घाट उतरायला लागताना ती शंभर टक्के भरलेली असू नये.

आता खर्चाकडे वळू. महिन्याला हजार किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर धरावे. ग्रँड विटारा हायब्रिडचे प्रमाणित ॲव्हरेज २७.९७ असले तरी हिशेबाला २२ घ्यावे, म्हणजे महिन्याला सुमारे ४,८०० रुपये होतात. इलेक्ट्रिक गाडी एका युनिटला साडेसहा किलोमीटर देते आणि वीज १२ रुपये युनिट पडते असे धरले, तर १,८५० रुपयांच्या आत भागते. फरक तीन हजारांचा आहे. तीच वीज जलद चार्जरवर २२ रुपयांनी घेतली तर खर्च ३,४०० च्या घरात जातो आणि फरक निम्म्यावर येतो. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांनंतर दर एकदम वाढतो, म्हणून आपल्या वरच्या टप्प्याचाच दर हिशेबात घ्यावा आणि चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी परवडते का हे विचारावे.

कराचा फरक याहून मोठा आहे. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीवर खासगी खरेदीदाराला १२ टक्के वाहनकर लागतो आणि हायब्रिडला त्यात सूट नाही. म्हणजे १७ लाखांच्या गाडीवर सुमारे दोन लाख. इलेक्ट्रिक गाडीला राज्याच्या २०२५ च्या धोरणात करसवलत आहे आणि मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी महामार्ग व अटल सेतूवर टोलमाफीची तरतूद आहे. कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची आयकर वजावट मिळेल असे कोणी सांगितले तर मात्र विश्वास ठेवू नये. ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती.

राहिला लांबचा प्रवास. कागदावरच्या रेंजचा (एका चार्जिंगमध्ये जाणाऱ्या अंतराचा) दोन-तृतीयांश हिस्सा मी खरा धरतो, आणि शंभरच्या पुढे वेग ठेवला तर तोही कमी होतो. पुणे-कोल्हापूर हे २३० किलोमीटर ४५ युनिटांच्या गाडीत नीट जमते, परतीसाठी तिथे चार्जिंग करावे लागते. गणपतीला कोकणात जाणाऱ्यांनी मात्र आपल्या गावाच्या अलीकडचे दोन चार्जर ॲपवर पाहून ठेवावेत, कारण एक बंद असू शकतो आणि दुसऱ्यावर रांग असू शकते. ज्या घरात ही एकच गाडी असून महिन्यातून तीन-चार वेळा आडवाटेच्या गावी जावे लागते, त्या घराला मी हायब्रिडच सुचवीन. घरात दुसरी पेट्रोल किंवा सीएनजी गाडी असेल तर माझे मत इलेक्ट्रिककडे झुकते.

शेवटची पारख गाडी चालवूनच करावी. हायब्रिड कोंडीच्या वेळी घ्यावी आणि डिकी उघडून पाहावी, कारण बॅटरीमुळे तिथली जागा काही मॉडेलांत बरीच कमी होते आणि चौघांच्या बॅगा बसत नाहीत. इलेक्ट्रिक गाडी मिळाल्यास एक रात्र घरी आणून आपल्याच प्लगवर लावावी व सकाळी किती टक्के भरली ते पाहावे. बॅटरीची वॉरंटी दोन्हींत साधारणपणे आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असते. ती दुसऱ्या मालकाकडे जाते का, आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर बॅटरी बदलून मिळते, ही दोन वाक्ये वॉरंटीच्या पुस्तिकेत स्वतः वाचल्याशिवाय बुकिंगची पावती घेऊ नये.