ढग आले की काय ठरवायचं आणि काय नाही

ढग आले की माझ्या दुकानात गर्दी होते. दिंडोरी तालुक्यात रस्त्याकडेला माझं कृषी सेवा केंद्र आहे. फेब्रुवारीत द्राक्षाच्या मण्यात पाणी उतरलेलं असतं, गोडी चढत असते, आणि तेवढ्यात मोबाइलवर अवकाळीचा अंदाज येतो. मग माणूस गाडी बंदही न करता काउंटरवर येतो. "भाऊ, जे भारी असंल ते दे." घाबरलेलं गिऱ्हाईक धंद्याला फार सोयीचं. भाव विचारत नाही, लेबल वाचत नाही. म्हणजे हे लिहिणं माझ्या गल्ल्याच्या विरोधातलंच, पण उधारी वसूल व्हायची तर तुमची बाग टिकली पाहिजे, हेही मला कळतं.

घाबरल्यावर अंगात काय होतं ते आधी बघा. काही सेकंदांत अ‍ॅड्रिनलिन उसळतं, छाती धडधडते. त्यामागून कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढतं, आणि ते साधारण वीस-तीस मिनिटांनी सर्वांत वर असतं. कपाळामागचा मेंदूचा भाग पर्याय तोलायचं काम करतो. या काळात त्याची पकड सुटते आणि भीती व सवय पुढे होतात. मग माणूस जे विकत घेतो ते स्वतःची धडधड थांबवायला. बागेला त्याची गरज आहे का, हा प्रश्न मागे पडतो. फेब्रुवारीत मणी तडकतात ते सालीतून आणि मुळांतून पाणी शिरल्यामुळे. तडकलेल्या मण्याला माझ्या कपाटात औषध नाही, कोणाच्याच कपाटात नाही. उलट काढणी तोंडावर असताना टाकीत चार औषधं एकत्र केली की मण्यावर डाग पडतात आणि रेसिड्यूच्या, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या, तपासणीत माल अडकतो.

पहिलं काम म्हणजे हातवळणीचं काम आणि नवा निर्णय वेगळे करायचे. १९०८ साली यर्कीस आणि डॉडसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केले होते. सोपं काम उंदीर विजेच्या जोरदार धक्क्यातही पटकन शिकले, अवघड कामात मात्र जास्त धक्का आड आला. ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगा-फुलोऱ्यात (कोवळी फूट आणि फुलं असताना) पाऊस झाला, तर डाऊनी या पानांच्या रोगाची ठरलेली फवारणी लगेच घ्या. ओल्या पानावर तो रोग काही तासांत आत शिरतो, तिथे शांत बसून चिंतन करायची गरज नाही. चर मोकळे करायचे, ट्रॅक्टर-ब्लोअर तयार ठेवायचा, ही कामंही धडधडत्या छातीने नीट होतात. पण कधी न वापरलेलं औषध, नवं मिश्रण, अनोळखी माणसाशी सौदा, हे त्या वेळी करायचं नाही.

अशा निर्णयासाठी किमान तास-दीड तास जाऊ द्या. आणि तो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर घालवू नका. तिथे वीस जण तुमच्याइतकेच घाबरलेले असतात आणि दर पाच मिनिटांनी कोणी तरी कुठल्या तरी गावच्या गारांचा फोटो टाकतो (बऱ्याचदा मागच्या सालचा). बागेत एक चक्कर मारा, दोन-चार घड हातात घेऊन बघा. श्वास घेताना जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा सोडताना जास्त लावा, धडधड उतरते. चहा घ्या, पण चौथा नको.

मग कागद घ्या. माझ्याकडे येणारे बहुतेक दोनच पर्याय घेऊन येतात, फवारू की नको. गिओरा केनान या इस्रायली संशोधकाने १९८७ मध्ये दाखवलं होतं की ताणाखाली माणसं सगळे पर्याय बघण्याआधीच उत्तर देऊन टाकतात. म्हणून तिसरा पर्याय लिहिल्याशिवाय पेन खाली ठेवायचं नाही. तो असतोच. तयार प्लॉट आधी तोडायचा, गोडी मोजून बघायची, सकाळपर्यंत थांबायचं. औषध घ्यायचंच ठरलं, तर पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीत काढणीपूर्वी किती दिवस सोडायचे ते बघा आणि मगच माझ्याकडे या.

सर्वांत जास्त पैसे फवारणीत जात नाहीत, सौद्यात जातात. ढगाळ संध्याकाळी व्यापारी बांधावर येतो आणि म्हणतो, "उद्यापासून मार्केट पडणार." काहेनमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं की नफा जेवढा सुखावतो, त्याहून तेवढाच तोटा जास्त झोंबतो. शिवाय तोट्यात असलेला माणूस जुगाराकडे वळतो. आपल्याकडे दोन्ही दिसतं. एक जण भीतीने मिळेल त्या भावाला बाग देऊन मोकळा होतो. दुसरा मागच्या सालचा खड्डा भरून काढायला, किलोमागे दोन रुपये जास्त सांगणाऱ्या अनोळखी व्यापाऱ्याला सगळा माल उधारीवर देतो, आणि गाडी गेल्यावर त्याचा फोन लागत नाही.

यावर उपाय बांधावर सापडत नाही, तो दिवाळीच्या आसपास घरात बसून करायचा. किलोमागे खर्च किती आला, कमीत कमी कितीला द्यायचं, इसार किती, उधारी कोणाला आणि कोणाला अजिबात नाही, हे वहीत लिहा आणि घरातल्या दुसऱ्या कोणाची तरी सही घ्या. बहुतेक घरांत खरा हिशोब बायकांना ठाऊक असतो, तरी सौद्याच्या वेळी त्यांना कोणी विचारत नाही. हा मूर्खपणा आहे. "घरी विचारून सकाळी सांगतो," एवढं वाक्य पाठ करून ठेवा. ते ऐकून जो व्यापारी चिडतो त्याला माल द्यायचा नाही.

मोठे निर्णय पैसे हातात येईपर्यंत ढकला. २०१३ मध्ये तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेच शेतकरी काढणीआधी, हात तंग असताना, बुद्धीच्या चाचण्यांत कमी पडले आणि काढणीनंतर सुधारले. म्हणून बागच काढून टाकायची का, नवं कर्ज काढायचं का, जमिनीचा तुकडा विकायचा का, हे मार्चच्या रागात ठरवू नका. काढणीनंतरची खरड छाटणी उरकली की मे महिन्यात बसा.

ढग जातात, तरी काहींची भीती जात नाही. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण नाही, दारू वाढली, "माझं काय खरं नाही" असं बोलणं सुरू झालं, तर त्याला कागद-पेन पुरत नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. तो माणूस स्वतः फोन करणार नाही, तुम्ही लावून त्याच्या हातात द्या. आणि त्या घरात शेतीची औषधं असतील तर ती कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे. तेवढी जागा नसेल तर खोकी माझ्या दुकानात आणून ठेवा, मी नाव लिहून वेगळी ठेवीन.