वाचा गेली आणि दहा मिनिटांत परत आली? या चुका टाळा

गणपतीत मखर काढताना अण्णांचं डोकं पोटमाळ्याच्या वाशाला आपटलं. लालबागच्या चाळीतली खोली, उंची ती किती! टेंगूळ आलं, बर्फ लावला, विसरलो. दिवाळीत फराळाला बसले असताना हातातली चकली गळून पडली. ‘पाणी’ म्हणायचं होतं, तोंडातून नुसतं ‘पा… पा…’. दहा मिनिटांनी खडखडीत आवाजात म्हणाले, “माझ्याकडे काय बघताय? चहा टाका.”

आम्ही चहा टाकला. पहिली चूक हीच. लक्षण गेलं म्हणजे कारण गेलं असं नसतं. १०८ ला फोन करायचा, वेळ लिहून ठेवायची, जमलं तर मोबाईलवर व्हिडिओ घ्यायचा. डॉक्टरांसमोर पेशंट ठणठणीत बसलेला असतो, तेव्हा तोच कामी येतो.

दुसरी चूक होता होता वाचली. शेजारचे काका ॲस्पिरिन घेऊनच आले होते. गुठळीने रक्तपुरवठा तुटला काय किंवा मेंदूभोवती रक्त साठलं काय, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. दुसऱ्यात ॲस्पिरिन म्हणजे आगीत तेल. आधी सीटी स्कॅन. उलट, स्टेंटसाठी चालू असलेली रक्त पातळ करणारी गोळी मनानेच बंद करणं, हाही तितकाच आगाऊपणा.

जुना मार सांगायला आम्ही विसरलोच. वयानुसार मेंदू थोडा आकसतो, त्याच्या नि आवरणाच्या मधल्या बारीक शिरा ताणल्या जातात. किरकोळ धक्क्यानेही त्या फाटतात आणि रक्त आठवडेच्या आठवडे झिरपतं. त्यामुळे ‘तेव्हाचा स्कॅन नॉर्मल होता’ यालाही अर्थ नाही. शिवाय दोन-तीन आठवड्यांचं रक्त साध्या सीटीत मेंदूसारखंच करडं दिसतं, नजरेतून सुटू शकतं.

आणि ‘वय झालं’ हे पालुपद! अण्णांच्या उजव्या पायातली चप्पल महिनाभर जिन्यात सुटत होती. आम्ही नवी चप्पल आणली. दुपारभर झोपायचे, पेपर उघडाच. डोकं दुखतं म्हणायचे, तर आम्ही चष्म्याचा नंबर काढायला निघालो.

अण्णांच्या मेंदूभोवती असंच रक्त साठलं होतं. कवटीला दोन भोकं पाडून ते काढलं, गाडीच्या जुन्या ऑइलसारखं काळं. उरलेलं रक्त वाहून जायला नळी दोन दिवस ठेवली. ती का, तर ब्रिटनमधल्या २००९ च्या अभ्यासात नळी न ठेवलेल्यांपैकी २४ टक्क्यांना पुन्हा ऑपरेशन लागलं, ठेवलेल्यांपैकी सुमारे ९ टक्क्यांना. म्हणजे पुन्हा साठू शकतं. अण्णा जिना उतरायला लागले की आई अजून दारात उभी राहून चपलेचा आवाज ऐकते.