बँडमधली जवळीक अल्बमवरून कशी ओळखायची

आधी अल्बम प्रकाशनाच्या नव्हे, रेकॉर्डिंगच्या क्रमाने लावा. बीटल्सचा ‘लेट इट बी’ मे १९७० मध्ये आला, पण त्याचं बरंचसं काम जानेवारी १९६९ चं, म्हणजे ‘ॲबी रोड’च्या आधीचं. क्रम चुकला की भांडण आणि समेट यांची उलटापालट होते.

मग प्रत्येक गाण्यासमोर दोन रकाने करा: श्रेय कुणाला, आणि प्रत्यक्ष वाजवलं कुणी. दुसरा जास्त बोलका. ऑगस्ट १९६८ मध्ये बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार काही दिवस बँड सोडून गेला होता. ‘बॅक इन द यू.एस.एस.आर.’वर ड्रम्सला तो नाहीच. एकानेच बरीच वाद्यं वाजवलेली आणि बाकीचे गायब, अशी गाणी अल्बमागणिक वाढत असतील तर तिथे खूण करा.

श्रेयावर मात्र आंधळा विश्वास नको. बीटल्समधल्या जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांचं ‘लेनन-मॅकार्टनी’ हे जोडनाव एकट्याने लिहिलेल्या गाण्यांवरही कायम राहिलं. क्वीनने १९८९ च्या ‘द मिरॅकल’मध्ये सगळी गाणी बँडच्या नावावर टाकली. अशाने रॉयल्टीवरची कुरबुर थांबते. मैत्रीचा तो पुरावा नव्हे.

वेगवेगळ्या दिवशी ट्रॅक रेकॉर्ड होणं ही तर निव्वळ स्टुडिओची सोयही असते. त्यावरून फूट ठरवण्याआधी त्या महिन्यांतल्या मुलाखती ताडून पाहा, नंतरच्या आठवणी नव्हे.