मास्टर सॉकेट बदलताय? ब्रिटनमधल्या घरात या चुका टाळा

ब्रिटनमध्ये जुन्या घरात राहायला गेलं की पहिल्या महिन्यातच एक तक्रार सुरू होते. पॅकेज ऐंशी एमबीपीएसचं घेतलंय, पण हातात पडतात पस्तीस-चाळीस, आणि पुण्याला आईबाबांना व्हिडिओ कॉल लावला की चित्र थिजतं. मग कुणीतरी सांगतं, मास्टर सॉकेट, म्हणजे बाहेरची फोन लाइन घरात जिथे पहिल्यांदा येते तो भिंतीवरचा सॉकेट बदल, स्पीड वाढेल. सल्ला अर्धा खरा आहे. सॉकेट बदलल्याने फरक पडतो तो बहुतेक वेळा घरातल्या जुन्या वायरिंगचा त्रास त्यामुळे तुटतो म्हणून. सॉकेट नवीन आहे, एवढ्याने काहीच होत नाही. हे लक्षात न घेता खरेदी केली तर पैसे वाया जातात आणि कधी कधी चालू लाइनही बंद पडते.

हे सगळं तांब्याच्या तारेवरच्या ब्रॉडबँडला लागू आहे. म्हणजे एडीएसएल, किंवा रस्त्यावरच्या हिरव्या कॅबिनेटपर्यंत फायबर आणि तिथून घरापर्यंत तांबं असलेलं एफटीटीसी. फायबर थेट घरात आलं असेल किंवा व्हर्जिन मीडियाची कोअॅक्स केबल असेल, तर मास्टर सॉकेटचा तुमच्या इंटरनेटशी संबंधच नाही.

टेस्ट सॉकेट न तपासता खरेदी करणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. सॉकेटच्या मधोमध आडवी रेघ असेल तर तो बहुधा एनटीई५ प्रकारचा मास्टर. खालच्या अर्ध्या भागाचे दोन स्क्रू काढले की तो भाग पुढे निघतो. नव्या एनटीई५सीला पुढून स्क्रू नसतात, दोन्ही बाजूंनी दाबलं की पुढची प्लेट सुटते. आत आणखी एक सॉकेट दिसतो, तो टेस्ट सॉकेट. पुढचा भाग निघाला की घरातली सगळी एक्स्टेन्शन्स, म्हणजे मास्टरपासून पुढे नेलेले बाकीचे फोन सॉकेट, लाइनपासून वेगळी होतात आणि रस्त्यावरून आलेली लाइन जशी आहे तशी इथे मिळते.

राउटर मायक्रोफिल्टर (फोनचा आवाज आणि ब्रॉडबँड वेगळे करणारी छोटी डबी) लावून या टेस्ट सॉकेटला जोडा. आता वायफायवरची स्पीड टेस्ट बघू नका, तिच्यात भिंती आणि शेजाऱ्यांचे राउटरही मोजले जातात. राउटरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन सिंक स्पीड (राउटरने लाइनवर जुळवलेला वेग), अॅटेन्युएशन (वाटेत सिग्नल किती क्षीण झाला) आणि एसएनआर मार्जिन (गोंगाटाच्या वर सिग्नलला किती मोकळीक आहे) हे तीन आकडे आधी आणि नंतर असे लिहून ठेवा. सिंक स्पीड वाढला तर दोष घरातल्या वायरिंगचा. सिंक तोच राहून मार्जिन दोन-तीन डेसिबलने वाढलं, तरीही दोष घरातलाच, फक्त पलीकडच्या यंत्रणेने वेगावर घातलेली मर्यादा अजून उठलेली नाही. काहीच हललं नाही, तर महागातली फेसप्लेट, म्हणजे सॉकेटची पुढची प्लेट, आणूनही हलणार नाही. कॅबिनेट घरापासून लांब असेल तर ते अंतर कुठलाही सॉकेट कमी करत नाही.

तिसऱ्या तारेकडे दुर्लक्ष

भारतातल्या लँडलाइनला दोन तारा जोडल्या की काम व्हायचं. त्यामुळे इथली तिसरी तार आपल्या लक्षात येत नाही, आणि बऱ्याच घरांत खरा त्रास तिचाच असतो. १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये प्लग-सॉकेटची पद्धत आली तेव्हा घंटीसाठीचा कपॅसिटर मास्टर सॉकेटमध्ये बसवला गेला आणि तिथून टर्मिनल ३ वरून एक वेगळी तार प्रत्येक एक्स्टेन्शनला नेली गेली. हीच बेल वायर. लाइनच्या दोन तारा एकमेकींना पीळ दिलेल्या असतात, त्यामुळे बाहेरचा गोंगाट दोन्हींवर सारखाच येतो आणि मोडेमच्या लेखी तो वजा होतो. बेल वायर त्यातल्या एकाच तारेला जोडलेली असते. तोल बिघडतो, आणि घरभर फिरलेली ती तार अँटेनासारखा गोंगाट गोळा करून लाइनवर आणते.

उपाय फुकटचा आहे. मास्टरच्या निघणाऱ्या पुढच्या भागावर टर्मिनल ३ मधली तार, बहुधा नारिंगी रंगाची, उपसून काढा. एक्स्टेन्शन सॉकेटांमध्येही तसंच करा. आजचे बहुतेक फोन तिच्याशिवाय वाजतात. एखादा जुना फोन वाजेनासा झाला, तर रिंग कपॅसिटर असलेला मायक्रोफिल्टर त्याला पुरतो. माझा आग्रह आहे की नवीन प्लेट मागवण्याआधी हे करून बघाच.

फिल्टरवाली फेसप्लेट लावून राउटर एक्स्टेन्शनवरच ठेवणं

फिल्टर असलेली फेसप्लेट ब्रॉडबँड आणि आवाज मास्टरपाशीच वेगळे करते. एक्स्टेन्शनकडे फक्त आवाज जातो. त्यामुळे वरच्या बेडरूममधल्या एक्स्टेन्शनवर चालणारा राउटर प्लेट बसवताच बंद पडतो, आणि लोक प्लेट खराब समजून परत पाठवतात. राउटर मास्टरलाच लावा आणि वरपर्यंत इथरनेट केबल न्या. राउटरपर्यंत लांबलचक चपटी टेलिफोन वायर ओढणं हा त्याला पर्याय नाही. तिला पीळ नसतो, ती गोंगाट पकडते. बाकीच्या फोनांचे मायक्रोफिल्टर आता काढून टाकले तरी चालतात.

मागच्या बाजूला हात घालणं

बाहेरून येणाऱ्या तारा मागच्या प्लेटवर ए आणि बी टर्मिनलला जोडलेल्या असतात. तिथपर्यंतचा सगळा भाग ओपनरीचचा, म्हणजे लाइनची देखभाल करणाऱ्या कंपनीचा, त्यापुढचा तुमचा. सॉकेट दुसऱ्या भिंतीवर हलवायचा असेल किंवा टेस्ट सॉकेट नसलेला जुना मास्टर बदलायचा असेल, तर ब्रॉडबँड कंपनीमार्फत इंजिनिअर बोलवा. लाइनवर साधारण ५० व्होल्ट डीसी असतो आणि घंटी वाजताना त्यावर एसी चढतो. झटका चांगलाच बसतो. भाड्याच्या घरात घरमालकाला विचारल्याशिवाय एक्स्टेन्शनची वायरही उचकटू नका.

तुमच्या बाजूच्या वायरिंगसाठी टर्मिनल २ आणि ५ एवढीच पुरेत. दोन्हींना एकाच जोडीतल्या तारा हव्यात: २ ला पांढऱ्या पट्ट्यांची निळी, ५ ला निळ्या पट्ट्यांची पांढरी. एक तार निळ्या जोडीतली आणि दुसरी नारिंगी जोडीतली घेतली तर फोन बिनतक्रार चालतो, पण पीळ निकामी होतो आणि ब्रॉडबँड रडतं. तार बसवायला पंच-डाउन टूल (तार टर्मिनलच्या खाचेत दाबून बसवणारं अवजार) वापरा. स्क्रू-ड्रायव्हरने दाबल्यास टर्मिनलचं पातं वाकतं आणि काही महिन्यांनी जोड सैल होतो.

दर तासाला राउटर बंद-चालू करणं

एफटीटीसीच्या लाइनवर डीएलएम नावाची स्वयंचलित यंत्रणा नजर ठेवून असते. कनेक्शन सारखं तुटताना दिसलं की लाइन अस्थिर आहे असं समजून ती वेग उतरवते किंवा इंटरलीव्हिंग (चुका सावरण्यासाठी डेटा मिसळून पाठवण्याची पद्धत) लावते, त्यामुळे लेटन्सी, म्हणजे प्रतिसादाला लागणारा वेळ, वाढते. सॉकेटचं काम झाल्यावर उत्साहात दहा वेळा राउटर बंद-चालू केला, तर चांगली लाइनही तिच्या लेखी खराब ठरते. जोडाजोडी एकदाच नीट करा आणि काही दिवस राउटर चालू राहू द्या. वेग हळूहळू वर येतो.

टेस्ट सॉकेटवरही आकडे वाईटच असतील आणि लाइनवर अजून जुना अॅनालॉग फोन चालत असेल, तर तिथे साधा तारेचा फोन लावून १७०७० फिरवा आणि २ दाबा. ही क्वाएट लाइन टेस्ट. शांततेऐवजी खरखर आली तर बाहेरच्या जोडात गंज किंवा पाणी असण्याची दाट शक्यता. तक्रार करताना 'स्पीड कमी आहे' म्हणण्याऐवजी 'फोनवर खरखर आहे' असं सांगा. स्पीडची तक्रार तुमच्या वायफायवर ढकलता येते, खरखर तशी ढकलता येत नाही.

खर्च करण्याआधी आपल्या पोस्टकोडवर फुल फायबर, म्हणजे थेट घरापर्यंतचं फायबर, आलंय का तेही बघा. जुनं अॅनालॉग टेलिफोन जाळं ३१ जानेवारी २०२७ पर्यंत बंद होणार आहे. त्यानंतर फोन राउटरलाच लागेल आणि मास्टरमागची एक्स्टेन्शन वायरिंग निरुपयोगी होईल. ती आधीच सोडवत असाल, तर चोरीचा अलार्म किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांचं टेलिकेअर बटण (अडचणीत मदत बोलावण्याचं) तिच्यावर चालतंय का ते तपासा. अलार्म अनेकदा सॉकेटशिवाय थेट तारेला जोडलेला असतो. तार सोडवल्यावर त्या त्या कंपनीला फोन करून लगेच चाचणी करून घ्या.