तीन संस्था मिळून सर्पदंशाची सीएमई कशी भरवावी

वैद्यकीय परिषदेचे क्रेडिट (नोंदणीच्या नूतनीकरणासाठी मोजले जाणारे शिक्षणाचे गुण) असलेली सीएमई, म्हणजे डॉक्टरांसाठीचा सततच्या वैद्यकीय शिक्षणाचा कार्यक्रम, दोन-तीन संस्थांनी मिळून भरवायची असेल, तर पहिल्या बैठकीत विषय आणि वक्ते यांच्या आधी एकच गोष्ट पक्की करा: अर्ज कोणाच्या नावाने जाणार? निमंत्रणपत्रिकेवर पाच बोधचिन्हं छापली तरी परिषदेला उत्तर द्यायचं असतं ते एकाच संस्थेने. अर्ज जिचा, हजेरीपत्रक तिचं, आणि कार्यक्रमात काय बोललं जाईल याचा अंतिम शब्दही तिचाच. हे सुरुवातीला ठरलं नाही, तर आदल्या रात्री ठरवावं लागतं आणि तेव्हा सगळ्यांची तोंडं आधीच वाकडी झालेली असतात.

इथे एक ठरावीक उदाहरण घेतलं आहे. पावसाळ्याच्या तोंडावर, जिल्ह्याच्या ठिकाणी, सर्पदंशावरची एक दिवसाची सीएमई, ६० प्रतिनिधी. भागीदार तीन: डॉक्टरांच्या संघटनेची जिल्हा शाखा, मेडिकल कॉलेजचा मेडिसिन विभाग आणि सर्पमित्रांची नोंदणीकृत संस्था.

क्रेडिटचा हिशोब आधी डोक्यात असू द्या. २००२ च्या व्यावसायिक वर्तणूक विनियमांनुसार डॉक्टरने दर पाच वर्षांत किमान ३० तासांचं वैद्यकीय शिक्षण घेणं अपेक्षित आहे, आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे नोंदणीचं नूतनीकरणही पाच वर्षांनी होतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे विनियम काढले आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेला स्थगित केले. त्यामुळे त्या स्थगित विनियमांतली वाक्यं उचलून माहितीपत्रक बनवू नका. अर्जाची मुदत, शुल्क आणि तासांवरून क्रेडिट मोजण्याची पद्धत परिषदेच्या चालू परिपत्रकातूनच घ्या. शाखेच्या जुन्या सचिवांकडची फाईल कामाची असते, पण नमुना म्हणून.

दोन पानांचं सामंजस्यपत्र

वकिली भाषेची गरज नाही. साध्या मराठीत दोन पानं, तिन्ही संस्थांच्या अध्यक्ष-सचिवांच्या सह्या, आणि प्रत्येक कामापुढे एका माणसाचं नाव. समितीचं नाव लिहिलेलं काम कोणीच करत नाही. पुढचे मुद्दे त्यात हवेतच:

- अर्जदार संस्था कोणती, परिषदेशी पत्रव्यवहार कोण करणार
- वक्ते आणि स्लाइड यांवर अंतिम निर्णय कोणाचा
- पैसे कोणत्या एका खात्यात येणार, धनादेशावर सह्या कोणाच्या
- मूळ हजेरीपत्रक कोणाकडे राहणार
- शिल्लक उरली तर वाटणी कशी, तूट आली तर कोणाच्या खिशातून
- कार्यक्रम रद्द झाला तर प्रतिनिधी शुल्क कोण, किती दिवसांत परत करणार

आमच्या मते अर्ज जिल्हा शाखेने करावा आणि आशयाची जबाबदारी विभागप्रमुखांनी लेखी घ्यावी. कॉलेजच्या नावाने अर्ज करायचा तर अधिष्ठात्यांच्या मंजुरीत दिवस जातात. शासकीय कॉलेज असेल तर खात्यात पैसे घेणंही सोपं नसतं. एक धोका मात्र कायम राहतो. शाखा आणि विभाग दोघेही ‘खबरदारी म्हणून’ एकाच कार्यक्रमाचे दोन अर्ज टाकतात. नावं वेगळी, तारीख आणि सभागृह तेच. परिषदेकडून विचारणा आली की दोन्ही अडकतात.

पहिली बैठक तीन महिने आधी ठेवा. दहा आठवडे आधी वक्त्यांची लेखी संमती हवी, कारण अर्जासोबत वेळापत्रक आणि वक्त्यांची माहिती लागते. नंतर वक्ता बदलला तर ते परिषदेला कळवावं लागतं, आणि शेवटच्या आठवड्यात बदललेला वक्ता हे डोकेदुखीचं नेहमीचं कारण असतं. मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत माहितीपत्रकावर क्रेडिटचा आकडा छापू नका. ‘क्रेडिटसाठी अर्ज केला आहे’ इतकंच लिहा.

विषय नव्हे, उणीव शोधा

‘सर्पदंश: अद्ययावत माहिती’ असा विषय ठेवला की प्रत्येक वक्ता स्वतःची जुनी स्लाइड घेऊन येतो. त्याऐवजी कॉलेजच्या अपघात विभागाकडून गेल्या पावसाळ्यात ग्रामीण भागातून पाठवलेल्या रुग्णांच्या रेफरल चिठ्ठ्या मागवा, नावं झाकून. त्यात तीन-चार चुका पुन्हा पुन्हा दिसतील: २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी (नळीतलं रक्त तेवढ्या वेळात गोठलं नाही तर विष भिनल्याची खूण) न करताच पाठवलेला रुग्ण, लहान मूल म्हणून प्रतिविषाचा डोस निम्मा केलेला, पापण्या जड होऊनही निओस्टिग्मिन (विषाने दुबळ्या झालेल्या स्नायूंसाठीचं औषध) न दिलेलं, रिअॅक्शनच्या भीतीने प्रतिविषच न दिलेलं. हीच तुमची उद्दिष्टं. मूल असो वा प्रौढ, सापाने सोडलेलं विष तेवढंच असतं, म्हणून सुरुवातीचा डोस दोघांना सारखाच. ही एक गोष्ट ६० जणांनी पक्की घरी नेली तरी दिवस सार्थकी लागला.

उद्दिष्ट असं लिहा की शेवटी तपासता येईल. ‘प्रतिविषाचं महत्त्व समजून घेणं’ तपासता येत नाही. ‘२० मिनिटांची चाचणी स्वतः लावून निकाल वाचणं’ तपासता येतं.

ही चाचणी प्रत्यक्ष करून घ्या. सहा जणांचा एक गट, असे दहा गट. प्रत्येक गटाला तीन नळ्या: एक नवी, कोरडी काचेची; एक तशीच पण सायट्रेट घातलेली, म्हणजे न गोठणारं रक्त कसं दिसतं ते कळेल; आणि एक साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवलेली. तिसरी नळी खरा धडा देते. डिटर्जंटचा अंश राहिला किंवा काचेऐवजी प्लास्टिकची नळी घेतली, तर निरोगी माणसाचं रक्तही नीट गोठत नाही आणि नसलेलं विष दिसायला लागतं. नळीमागे २ मिली धरून गटातल्या एका स्वयंसेवकाचं ६ मिली रक्त लागेल. एकूण ३० नळ्या, फुटण्यासाठी वर १० ठेवा. नळ्या निळ्या डब्यात आणि सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकायच्या. ही व्यवस्था कॉलेजच्या प्रयोगशाळेकडे लेखी सोपवा, सभागृहवाल्याकडे नको. नळी २० मिनिटं हलवायची नसते. तेवढ्या वेळात मंचावर एका रुग्णाची चर्चा घ्या, म्हणजे वेळही वाया जात नाही आणि कोणी नळी उचलून बघतही नाही.

घड्याळ

सकाळी ९.३० ते ५ म्हणजे साडेसात तास, पण ते क्रेडिटचे तास नव्हेत. उद्घाटनाचा अर्धा तास, दोन चहांचा अर्धा तास, जेवणाची ४५ मिनिटं वजा केली की उरतात ५ तास ४५ मिनिटं. अर्जात हाच आकडा मांडा. त्यात सहा व्याख्यानं, प्रत्येकी २५ मिनिटं आणि १० मिनिटं प्रश्न. चाचणीचं प्रात्यक्षिक एक तास. रुग्णांवरची गटचर्चा ४० मिनिटं. पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी प्रत्येकी १० मिनिटं. हिशोब ३३० मिनिटांचा होतो आणि १५ मिनिटं हातात राहतात. सातवं व्याख्यान घुसवायला कोणीतरी येईलच. देऊ नका.

वेळ खातो तो उद्घाटन समारंभ. तीन भागीदार म्हणजे तीन अध्यक्ष, तीन प्रास्ताविकं, तीन सत्कार. प्रत्येकाला शाल-श्रीफळ देईपर्यंत सव्वा तास जातो, आणि परिषदेने नेमलेले निरीक्षक पहिल्या रांगेत बसून घड्याळ बघत असतात. त्यांच्या अहवालात प्रत्यक्ष झालेले तास जातात, छापलेले नव्हे. उपाय सोपा आहे, फक्त आधी वाईटपणा घ्यावा लागतो: पहिलं व्याख्यान ९.३० ला, उद्घाटन ११ च्या सुमारास, चहाला चिकटून. पाहुणे उशिरा आले तरी शास्त्रीय सत्र थांबत नाही. दीपप्रज्वलन ११ वाजता केलं म्हणून समई कोणाला नाही म्हणत नाही.

क्रेडिट कोणाला लागू, कोणाला नाही

सर्पदंशाच्या सीएमईला एमबीबीएस डॉक्टरांइतकेच आयुर्वेदाचे डॉक्टर येतात, प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या परिचारिकाही येतात. यावंच, गावात रुग्ण पहिला त्यांच्याच हाती लागतो. पण महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचं क्रेडिट आधुनिक वैद्यकाच्या नोंदणीधारकांसाठी आहे. आयुर्वेद, होमिओपॅथी आणि परिचर्या यांच्या परिषदा वेगळ्या. त्यांचं क्रेडिट हवं असेल तर त्या परिषदेकडे स्वतंत्र अर्ज, नसेल तर उपस्थितीचं साधं प्रमाणपत्र, आणि हे नावनोंदणीच्या फॉर्मवरच ठळक छापा. शुल्क भरल्यावर प्रमाणपत्र घेताना हे कळलं की वाद ठरलेला.

तिसऱ्या भागीदाराचंही पाहा. सर्पमित्रांना नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांची ओळख डॉक्टरांपेक्षा चांगली असते, म्हणून त्यांचं सत्र हवंच. मात्र ते नोंदणीकृत डॉक्टर नसल्याने ते सत्र विभागातल्या शिक्षकासोबत जोडीने ठेवा किंवा क्रेडिटच्या तासांबाहेर, दुपारच्या जेवणाआधी घ्या. जिवंत साप सभागृहात आणायचा आग्रह झाला तर नाही म्हणा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली परवानगीविना असं प्रदर्शन गुन्हा ठरतो, आणि पिशवीतून सुटलेल्या नागाचं स्पष्टीकरण अर्जदार संस्थेला द्यावं लागेल. छायाचित्रं आणि परवानगी असलेल्या संस्थेतल्या चित्रफिती पुरेशा आहेत.

डिसेंबर-जानेवारीत परदेशातले मराठी डॉक्टर सुट्टीला येतात आणि व्याख्यान द्यायला आनंदाने तयार असतात. बोलायला अडचण नाही. पण परदेशी नागरिकत्व घेतलेला डॉक्टर कार्यशाळेत रुग्णावर उपचार किंवा शस्त्रक्रिया करून दाखवणार असेल, तर भारतात तशी तात्पुरती परवानगी आधी काढावी लागते. ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड म्हणजे वैद्यकीय नोंदणी नव्हे.

कंपनीचा पैसा

प्रतिविष बनवणारी कंपनी स्टॉल मागेल. घ्या, पण स्टॉल सभागृहाबाहेर ठेवा, वक्ता कंपनीने सुचवलेला नको, स्लाइडवर ब्रँडचं नाव नको, रासायनिक किंवा जेनेरिक औषधनाम चालेल. केंद्राच्या औषधनिर्माण विभागाने १२ मार्च २०२४ ला आणलेल्या विपणन संहितेनुसार कंपनी वक्त्यांखेरीज कुणाही डॉक्टरचा प्रवास किंवा हॉटेल यांचा खर्च करू शकत नाही, असा कार्यक्रम परदेशात घेऊ शकत नाही, आणि खर्चाचा तपशील तिला स्वतःच्या संकेतस्थळावर टाकावा लागतो. माहितीपर भेटवस्तूची मर्यादा नगामागे १००० रुपये. म्हणजे तुमच्या हिशोबवहीतला आकडा आणि त्यांच्या संकेतस्थळावरचा आकडा कोणीही शेजारी ठेवून पाहू शकतो. पैसे फक्त करारातल्या खात्यात, धनादेशाने किंवा बँकेतून. ‘जेवणाचं बिल आम्ही परस्पर देतो’ हे ऐकलं की तिथेच थांबवा. परस्पर दिलेलं बिल तुमच्या हिशोबात दिसत नाही, त्यांच्या दिसतं.

प्रत्येक वक्त्याकडून एका पानाचं निवेदन घ्या: गेल्या दोन वर्षांत कोणत्या औषध किंवा उपकरण कंपनीकडून मानधन, सल्लागारपद, संशोधननिधी मिळाला. काही नसेल तर ‘काही नाही’ असं लिहून सही. ते पहिल्या स्लाइडवर दाखवा. विभागप्रमुखांनी स्लाइड दहा दिवस आधी पाहाव्यात, सकाळी पेन ड्राइव्ह घेताना नव्हे. मानधन देणार असाल तर पॅन आताच घ्या आणि टीडीएस व प्रायोजकत्वावरचा जीएसटी सीएला विचारून ठरवा.

हजेरी

सगळ्यात जास्त तक्रारी इथून येतात. नोंदणीकृत नाव आणि रोजचं नाव वेगळं असणं महाराष्ट्रात सर्रास आहे, विशेषतः लग्नाआधीच्या नावाने नोंदणी झालेल्या महिला डॉक्टरांचं. फॉर्मवर ‘परिषदेच्या प्रमाणपत्रावर आहे तसं नाव’ असा रकाना करा. नोंदणी क्रमांक पूर्ण घ्या. अलीकडच्या क्रमांकांत वर्ष आणि महिनाही असतो आणि घाईत लोक शेवटचे चार आकडेच लिहितात. अर्धा क्रमांक म्हणजे दुसऱ्याच कुणाच्या खात्यावर क्रेडिट, किंवा कुणाच्याच नाही. नावनोंदणी बंद झाल्यावर कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी सगळे क्रमांक परिषदेच्या यादीशी पडताळा; ६० नावांना दोन माणसांचा एक दुपारभर वेळ पुरतो.

सह्या दोनदा घ्या, पहिल्या सत्राआधी आणि शेवटच्या सत्रानंतर. जेवणानंतर सभागृह अर्धं रिकामं होतं, ही नेहमीची गोष्ट. प्रमाणपत्रं उत्तरचाचणी जमा केल्यावरच द्या, आधी टेबलावर मांडून ठेवू नका. शेजाऱ्यासाठी सही करणाऱ्याला हसून सोडून देणारा स्वयंसेवक अर्जदार संस्थेला अडचणीत आणतो, म्हणून त्या टेबलावर शाखेचा पदाधिकारी बसवा.

निरीक्षकांना छापील वेळापत्रक, मंजुरीपत्राची प्रत आणि बदलांची यादी सकाळीच द्या. मूळ हजेरीपत्रक स्कॅन करून तिन्ही संस्थांना त्याच संध्याकाळी पाठवा, मूळ प्रत करारात ठरल्या जागी. परिषदेचा अहवाल ठरल्या मुदतीत गेला की जमाखर्च भागीदारांपुढे ठेवा. तीन महिन्यांनी, पावसाळा संपता संपता, कॉलेजच्या अपघात विभागातून रेफरल चिठ्ठ्या पुन्हा मागवा आणि किती चिठ्ठ्यांवर २० मिनिटांच्या चाचणीचा निकाल लिहिला आहे ते मोजा. पुढच्या वर्षीचा विषय त्याच गठ्ठ्यातून निघेल.