बारखाली जाण्याआधी: बूट, घोटे आणि गुडघे

दसरा झाला की बडोद्यातल्या जिमांमध्ये नवी नावं लागतात. त्यातली बरीच मंडळी नऊ रात्री अनवाणी गरबा खेळून आलेली असतात. पोटऱ्या आखडलेल्या, तळवे सोललेले, आणि पहिला प्रश्न ठरलेला: ‘गुडघा दुखतोय, लिफ्टिंगचे कुठले बूट घेऊ?’ बूट आठवडाभर थांबू देत. पोटरी आखडलेली असताना घोटा नेहमीपेक्षा कमी वाकतो, आणि हा उंच, कडक टाचेचा बूट निवडायचा असतो घोटा बघून. गुडघ्याची तक्रार त्यानंतर.

आधी टेप काढा. भिंतीसमोर अनवाणी उभं राहून अंगठ्याचं टोक भिंतीपासून १० सेंमीवर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवून बघा. टेकला तर घोटा पुरेसा वाकतो. टाच सुटत असेल तर पाऊल पुढे सरकवत जा आणि जिथे गुडघा टेकेल ते अंतर लिहून ठेवा, दोन्ही पायांचं वेगवेगळं. स्क्वॉटमध्ये, म्हणजे खांद्यावर वजनाचा बार घेऊन खाली बसताना, कंबर एका बाजूला का झुकते, याचं उत्तर पुष्कळदा या दोन आकड्यांतल्या फरकात असतं. ओढ कुठे लागते हेही बघा. मागे पोटरीत लागली तर स्ट्रेचिंगने हळूहळू सुटेल. पुढे, घोट्याच्या खोबणीतच अडकल्यासारखं टोचत असेल, तर नुसत्या स्ट्रेचिंगने फारसं साधत नाही; तिथे उंच टाचेचा बूट खरोखर उपयोगी पडतो.

पैसे घालण्याआधी फुकटात करून बघण्यासारखं एक आहे. अडीच किलोच्या दोन लोखंडी प्लेट टाचांखाली घ्या आणि बार न घेता सावकाश खाली बसा. पाठ आपोआप सरळ राहिली, टाचा दाबून बसता आलं, तर उंच टाच तुम्हाला मानवणार. काहीच फरक पडला नाही तर हजारो रुपये वाचले. आखाड्यातली बैठक आठवा: तिथेही खाली जाताना टाच वर उचललीच जाते. जुम्मादादा आणि प्रा. माणिकराव या आखाड्याच्या गुरूंच्या गावात, बडोद्यात, हे नवं सांगायला नको, पण जिमच्या आरशासमोर सगळे विसरतात.

लिफ्टिंगच्या बुटाची टाच चवड्यापेक्षा साधारण २० मिमी उंच असते आणि लाकडाची किंवा कडक प्लास्टिकची, न दबणारी. हा बूट घडला तो स्नॅच (बार जमिनीवरून एका झटक्यात डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) यांसाठी. टोकियो ऑलिंपिकमध्ये मीराबाई चानूने ४९ किलो गटात स्नॅचमध्ये ८७ आणि क्लीन अँड जर्कमध्ये ११५ असे मिळून २०२ किलो उचलले; त्यातले ८७ एका झटक्यात डोक्यावर घेऊन त्याच्याखाली खोल बसायचं, तर धड ताठ हवं आणि गुडघे पुढे जायला जागा हवी. ती जागा टाच देते. मात्र गुडघा जितका पुढे जाईल तितका भार कुल्ल्यांवरून मांड्यांवर आणि गुडघ्याच्या वाटीवर सरकतो, हे दुकानात कुणी सांगत नाही. म्हणून वाटीच्या पुढच्या बाजूला दुखणाऱ्याने ‘गुडघ्यासाठी’ म्हणून उंच टाच घेतली तर दुखणं वाढूही शकतं. अशांनी आधी सपाट तळाच्या बुटात, बाकावर टेकेपर्यंतच बसून सुरुवात करावी.

डेडलिफ्टला टाच नकोच. तिथे बार जमिनीवरून उचलायचा, उंच टाचेने तुम्हीच तेवढे वर जाता आणि वजन चवड्यावर येतं. मंगळ बाजारात मिळणारे पातळ, सपाट तळाचे कॅनव्हास बूट या कामाला पुरतात. पळायचे बूट मात्र दोन्हीकडे बाद. त्यांचा फोम दबण्यासाठीच केलेला असतो. खांद्यावर वजन घेतल्यावर तो एका बाजूला जास्त दबला की घोटा आत कलतो आणि गुडघाही त्याच्या मागे.

खरेदीला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. व्यायामाचेच मोजे घाला. टाचेखालचा तळ अंगठ्याने जोरात दाबून बघा. खड्डा पडला तर बूट परत. पट्टा आवळल्यावर टाच आत हलता कामा नये, पण पुढे बोटं पसरता आली पाहिजेत. लाल रंगावर जाऊ नका, एवढं मी दरवेळी सांगतो आणि लोक लालच आणतात.

स्ट्रेचिंगची वेळ चुकवू नका. वजन उचलण्याच्या तोंडावर एकेक स्नायू मिनिटाच्या वर ताणून धरला तर जोर थोडा कमी पडतो. आधी पाच-सात मिनिटं चाला किंवा सायकल मारा, मग भिंतीजवळ गुडघा पुढेमागे, पाय झुलवणं, आणि रिकाम्या बारचे एक-दोन सेट. बारच २० किलोचा असतो, बायकांचा १५ चा. नवख्याला तो रिकामा म्हणून हलका नसतो. धरून ठेवायचे ताण नंतर, प्रत्येकी ३० सेकंद: पोटरी आधी गुडघा सरळ ठेवून, मग वाकवून, कारण खालचा खोल स्नायू गुडघा वाकवल्यावरच ताणला जातो. त्यानंतर मांडीची पुढची बाजू आणि जांघ. वाटीखालच्या जाड, दोरीसारख्या शिरेत (टेंडनमध्ये) दुखत असेल तर भिंतीला पाठ लावून अर्धवट बसणं, ४५ सेकंद, मधे दम घेऊन चार-पाच वेळा. काहींना याने लगेच उतार पडतो.

गुडघ्याच्या स्लीव्हने, म्हणजे गुडघ्यावर चढवायच्या घट्ट बाहीने, ऊब आणि थोडा आधार मिळतो, इलाज होत नाही. व्यायामात जरा दुखलं आणि दुसऱ्या सकाळी निवळलं, तर चालू ठेवा. सूज आली, गुडघा अडकला किंवा चालताना दगा देऊ लागला, तर बूट-बिट बाजूला ठेवून हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

बूट पिशवीतून न्या, रस्त्यावर घालू नका. तळाला चिकटलेली रेती प्लॅटफॉर्मवर पाय सरकवते. पावसाळ्यात भिजलेच, तर लाकडी टाचेचे बूट उन्हात ठेवू नका. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा.